वंदनाबाईंनी वाटलेला प्रसाद

धामणगाव बढ्याच्या बाजारातून मारुतीच्या देवळाकडे वळले, की वंदनाबाईंची पिठाची गिरणी आधी ऐकू येते आणि मग दिसते. पट्ट्याची फटफट, जात्याची घरघर, आणि त्या घरघरीवर तोलून धरलेला एका बाईचा आवाज. वंदनाबाई दळता दळता गातात. गिरणीच्या गोंगाटात आपले गाणे कोणाला ऐकू जात नाही असा त्यांचा समज आहे, आणि सगळ्या गल्लीने तो समज मोठ्या मायेने जपला आहे.

नवरा अर्जुनराव मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला. आठवड्यातून एकदा घरी येणारा, आल्यावर निम्मा वेळ झोपणारा, पण भला माणूस. गिरणी मात्र वंदनाबाईंची. पट्टा त्याच चढवतात, झिजलेल्या दगडाला टाकीही त्याच लावतात. पीठ पडू लागले की अंगठा आणि बोट यांत चिमूट घेऊन चोळायचे, जिभेवर टेकवायचे, आणि मगच डब्याला झाकण लावायचे, ही त्यांची रीत.

आणि देवाच्या बाबतीत त्यांचे दोन नेम. प्रसाद खाली पडू द्यायचा नाही, हा पहिला. शिऱ्याचा कण सतरंजीवर सांडला तरी त्या वाकत, उचलत, कपाळाला लावत आणि तोंडात टाकत. दुसरा नेम, प्रसाद एकटीने खायचा नाही. "एकट्यानं खाल्ला तो घास, वाटून खाल्ला तो प्रसाद," असे त्या म्हणत. त्यांच्या हातून चिमूटभर साखरही चार ओट्यांवर जाऊन आली, असे कितीदा झाले असेल!

अशा बाईच्या पोटी ज्ञानेश्वर. एकुलता एक. लहानपणी कीर्तनात पेंगत पेंगतसुद्धा टाळ न सोडणारा हा पोरगा शिकायला छत्रपती संभाजीनगरला गेला आणि हळूहळू परका होऊन घरी येऊ लागला. अंग वाळले. डोळ्यांखाली काळे आले. दिवसा झोपायचा, तिन्हीसांजेला उठायचा, उठल्यावर बसून पाय हलवत राहायचा. झोपेत करकरा दात खायचा. वंदनाबाईंनी ओळखले, पोटात जंत झाले. त्यांनी जंताची गोळी आणली, तीही त्याने मुकाट्याने घेतली. पण दात वाजायचे थांबले नाहीत. मार्क कमी पडले याचे त्यांना दुःख नव्हते. दुःख वेगळेच होते. पोरगा हसे तेव्हा नुसते तोंड हसे. बाकीचा ज्ञानू कुठे तरी दुसरीकडेच असे. "मारुतीराया, माहं पोरगं माह्याजवळ बसलं हाय, पन घरी नाई आलं. त्याले घरी आन," एवढेच मागणे त्या रोज मागत.

चैत्र लागला. हनुमान जयंतीचा सप्ताह बसला. ऊन असे, की पत्र्याखाली पिठालाही घाम यावा. ज्ञानू मित्राच्या लग्नासाठी गावी आला होता. भर दुपारी मागच्या अंगणात लिंबाखाली उभा राहून तो मोबाईलवर हळू बोलत होता. चुलीपुढे वंदनाबाई भाकरी थापत होत्या. खिडकीतून शब्द आत आले.

"हाव बे, प्रसाद आणला हाय. अरे, पुरते सगळ्यायले. हळदीच्या दिवशी वाटू ना. पन कोणाले सांगू नको, नाई तं सारे पोट्टे मांगतीन."

वंदनाबाईंचा हात थांबला. भाकरी परातीत तशीच राहिली. प्रसाद! पोराच्या तोंडून प्रसाद! आणि वाटू म्हणतो! आणि कोणाला सांगू नको म्हणतो! देवाचे नाव घ्यावे आणि गाजावाजा करू नये, हेच तर आपण त्याला लहानपणापासून सांगत आलो. डोळ्यांतले पाणी पदराने पुसावे तर पदर पिठाचा. त्या तशाच हसल्या, रडल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली.

त्यांनी पोराला काही विचारले नाही. कोवळ्या अंकुराला बोट लावू नये. हाय रे दैवा, एक प्रश्न विचारला असता तर!

दुसऱ्या दिवशी सकाळी धुणे काढताना ज्ञानूच्या जीन्सच्या खिशात एक प्लास्टिकची इवलीशी पुडी लागली. आत पांढुरके, जरासे मातकट खडे. खडीसाखर फोडल्यासारखे. खाली थोडा चुरा. वंदनाबाईंनी पुडी कपाळाला लावली. साबणाच्या पाण्यात जाता जाता वाचला, देवाचीच कृपा! ज्ञानू अजून झोपेत होता. हळदीसाठी त्याच्याकडे आणखी असेलच, आपण घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी यातला घ्यायला काय हरकत, असे त्यांच्या मनाने ठरवले. चुरा त्यांनी स्वतःच्या तळहातावर घेतला. दोन मोठे खडे होते, ते ठेवले पुंजाजीबाबांच्या घरासाठी. वडीलधाऱ्याला मोठा वाटा द्यायचा, ही घराची रीत.

पुंजाजीबाबा शेजारच्याच ओट्यावर राहणारे. सप्ताहातले जुने पखवाजी. छातीचे दुखणे झाल्यापासून डॉक्टरांनी पखवाज कमी करायला सांगितलेला, आणि त्यांनी फक्त डॉक्टरांकडे जाणे कमी केलेले. नात करिष्मा आत कणीक मळत होती.

"बाबा, हात करा."

"काय आणलं वं सकायी सकायी?"

"प्रसाद. आमच्या ज्ञानूनं आणला."

"कोण ज्ञानू? आपला? जो मारुतीले रस्त्यावरूनच टाटा करते तो?" म्हातारा खदखदा हसला. "अवं, मंग डबल दे!"

वंदनाबाईंनी चुरा तोंडात टाकला. बाबांनी खडा जिभेवर ठेवला आणि त्यांचा सगळा चेहरा गोळा झाला.

"अर्र! कडू जहर हाय वं हे!"

"प्रसाद हाय, बाबा."

"प्रसाद हाय का? मंग गोड हाय." आणि त्यांनी वरून तांब्याभर पाणी पिऊन तो गिळला.

कडू वंदनाबाईंनाही लागला होता. पण पाडव्याला आपण कडुनिंब खातोच की. त्याला कोणी नाव ठेवते का? प्रसादाची चव जिभेने बघायची नसते, हे ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना कडू चव सावध करील तरी कशी? शहरातला माणूस थुंकला असता. या दोघांनी डोळे मिटले.

"करिष्मा, ये ना वं पोरी."

"माहा वाटा ठेवा काकू दिवळीत. हात कणकीचे हायेत."

एक खडा भिंतीतल्या दिवळीत ठेवून वंदनाबाई गिरणीवर आल्या. खटका दाबला. पट्टा धावू लागला.

काही वेळाने त्यांच्या हातांना हलके वाटू लागले. मग छातीत काही तरी उमलल्यासारखे झाले. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक काडी आत येत होती आणि तिच्यात पिठाचे कण नाचत होते. वंदनाबाईंनी ते कण आयुष्यभर पाहिले होते. आज ते पाहून त्यांचे डोळे भरून आले. प्रत्येक कण आपला वाटला. गल्ली आपली वाटली. वैरी कोणी नव्हता, परके कोणी नव्हते. दळण घेऊन आलेल्या जनकाबाईंचे त्यांनी दोन्ही हात धरले.

"जनका, तू लय चांगली हाय वं. म्या तुले कदी सांगतलंच नाई."

"अव बाप्पा! आज काय झालं तुले? आधी गहू तं घे हातातला!"

वंदनाबाई हसल्या. आले, त्यांच्या मनात आले, आले! ज्याच्यासाठी चाळीस वर्षे टाळ धरला, ज्याची वाट पाहत आरतीला उभे राहिले, ते आज असे अचानक, या पत्र्याखाली, पिठाच्या हातांवर येऊन उतरले! आणि आणून कोणी दिले? माझ्या लेकराने! त्या गाऊ लागल्या. आवाज फुटेपर्यंत गाऊ लागल्या. जनकाबाई जाता जाता दोनदा मागे वळून बघत गेल्या.

साधुसंतांनी ज्या सुखासाठी जन्म झिजवला, त्या सुखाचे सोंग घेऊन एक विष त्या माउलीच्या देहात शिरले होते, आणि ती त्याला ओवाळत होती.

कारण तो आनंद थांबेना. आनंदाला विसावा असतो. याला विसावा नव्हता. गाणे संपले तरी ओठ हलत राहिले. बसावे तर उठावेसे वाटे, उठावे तर चालावेसे वाटे. जीभ कोरडी पडली, पाणी पिऊनही कोरडीच. छातीतले धडधडणे वाढले आणि पट्ट्याच्या फटफटीत मिसळून गेले. कोणते आपले आणि कोणते यंत्राचे, ते कळेना. आणि मग जळका वास आला. जाते कोरडे फिरत होते. वरच्या डब्यातला गहू केव्हाच संपला होता, आणि दगडावर दगड घासून ठिणग्या उडत होत्या. आजवर वंदनाबाईंनी जाते कधी कोरडे फिरू दिले नव्हते. त्यांनी खटका बंद केला. यंत्र थांबले. छाती थांबली नाही.

तोंडात करकर आवाज झाला. त्यांनी जबडा हाताने धरला. त्यांचेच दात एकमेकांवर घासत होते.

तेवढ्यात ज्ञानू दारात आला. केस विस्कटलेले, पायांत चप्पल नाही.

"आई, माही जीन्स कोठी हाय?"

"धुतली. दोरीवर हाय."

"अन् खिशातलं?"

"ते? प्रसाद?" त्या हसल्या, आणि हसू चेहऱ्यावरून जाईना. "घेतला म्या. तुह्या नावानं घेतला, बाळा."

ज्ञानूने दाराची चौकट धरली. "किती खाल्लं?"

"खालचा चुरा. मोठा खडा पुंजाजीबाबाले देल्ला."

पोरगा पांढराफटक पडला. काय खाल्ले, असे त्याने विचारले नाही. किती खाल्ले, एवढेच विचारले. वंदनाबाईंच्या भिरभिरत्या मनाने तेवढ्यातही ते टिपले, पण धरून ठेवता आले नाही. विचार येई आणि पळे.

"चाल, दवाखान्यात चाल. शिळा होता तो. दुधाचा असन, उन्हात नासला असन. इषबाधा होते त्यानं. चाल ना वं आई!"

दोघे घराकडे आली, तर पुंजाजीबाबा अंगणात येरझारा घालत होते. सदरा काढून फेकलेला. चेहरा तांबडालाल. बोटे मांडीवर, भिंतीवर, हवेत पखवाज वाजवत होती. बोल धावत होते, लय वाढत होती, वाढत होती, आणि काही केल्या समेवर येत नव्हती. ज्या हातांनी अख्खा सप्ताह तालात ठेवला, ते हात आज मालकाचे ऐकत नव्हते.

"थांबत नाई वं पोरी," ते वंदनाबाईंना म्हणाले, "हात थांबत नाई माहे." आणि छाती धरून ते खाली बसले.

सप्ताहाच्या मांडवाशी उभी असलेली जीप आणली गेली. करिष्मा आजोबांचे डोके मांडीवर घेऊन मागे बसली, वंदनाबाई शेजारी, ज्ञानू पुढे. रस्ताभर तो पाय हलवत राहिला. वंदनाबाईही हलवत राहिल्या. आई आणि लेक, दोघांचे पाय एकाच लयीत.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारले, "काय खाल्लं?"

"प्रसाद," वंदनाबाई म्हणाल्या.

त्या एका शब्दाने सगळे ठरवून टाकले. उन्हाळ्याचे दिवस, सप्ताह, भंडारा, प्रसाद. यापुढे कोणता डॉक्टर दुसरा विचार करील? "गावात आज पंगत आहे का? अजून किती लोकांनी खाल्लं? फोन करा, पंगत थांबवा," असे डॉक्टरीणबाईंनी भराभर सांगितले. बाबांना आणि वंदनाबाईंना सलाईन लागले. उलटी थांबवायची सुई भरून ठेवली गेली. गावात फोन गेला. गावातून उलट फोन आला. बघता बघता धामणगावात बातमी झाली, की सप्ताहाच्या प्रसादातून विषबाधा झाली, आणि स्वयंपाकाची देखरेख करणाऱ्या भगवानरावांना लोकांनी मांडवातच घेरले. करिष्माच्या मोबाईलवर त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"अवं पोरी, म्या अजून दूधच तापवलं नाई! कोणता प्रसाद? माहा तं शिरा बी व्हायचा हाय! लोक माह्या कढईत काठ्या घालून राह्यले!"

ज्ञानू भिंतीला टेकून उभा होता. खोटे तो एकच बोलला होता, आणि ते आता त्याच्या हातचे राहिले नव्हते. ते मांडवात शिरले होते, देवळात शिरले होते, सुईत भरले जात होते. पोलीस, कॉलेज, बाप, सगळे त्याच्या डोळ्यांपुढे येऊन उभे होते.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "उलटी नाही. जुलाब नाहीत. अंग भाजतंय. नाडी एवढी धावतेय." त्यांनी बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळे विहिरीसारखी उघडी. "हे विषबाधेसारखं दिसत नाही. मावशी, तुम्ही नक्की काय खाल्लंत? मला खरं कळलं नाही, तर मी जे करीन ते चुकेल. आजोबांचं हृदय फार वेळ हे सोसणार नाही."

बाबांचा जबडा आवळला होता. करकर, करकर. वंदनाबाईंनी तो आवाज ऐकला. स्वतःच्या तोंडातला ऐकला. आणि तिसरा आठवला. घरातला, पहाटेच्या अंधारात पलीकडच्या खाटेवरून येणारा.

त्या पलंगावरून उतरल्या. सलाईनची नळी ताणली गेली. सिस्टर "अहो, अहो" म्हणत धावली. त्या थांबल्या नाहीत. पोरासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ज्ञानू, तू झोपीत दात खातं. म्या जंत समजली."

तो खाली बघत होता.

"आज माहे दात तसेच वाजून राह्यले. पाह्य. ऐक." त्यांनी त्याचा हात ओढून आपल्या गालावर ठेवला. जबडा त्याच्या तळहाताखाली थरथरत होता. "मले कोणी सांगतलं नाई रे. माह्या अंगानं सांगतलं. आता तू सांग. ते काय होतं?"

"आई..."

"त्या म्हाताऱ्याच्या तोंडात ते म्या माह्या हातानं घातलं. आता तुह्या तोंडातून खरं नाई निंगालं, तं त्याले म्याच मारलं. सांग बापू. मले वाचवू नको, तुले वाचवू नको. त्याले वाचव."

ज्ञानूच्या गालावरून पाणी ओघळले. तो डॉक्टरीणबाईंकडे वळला.

"मॅडम, तो प्रसाद नाई. आम्ही त्याले प्रसाद म्हणतो. पोट्टे पोट्टे. कोणाले कळू नये म्हणून. नशेचं हाय ते. खडी."

"काय आहे त्यात? नाव सांग."

"नाव माहीत नाई. मागच्या टायमाले गुलाबी गोळी होती, या टायमाले हे भेटलं. देणारा म्हणे, तेच हाय, फक्त जास्त कडक."

"विकणाऱ्याला तरी कुठे माहीत असतं!" असे म्हणता म्हणता डॉक्टरीणबाई वळल्याही होत्या. ती भरलेली सुई बाजूला गेली, दुसरी आली. "गार पाणी, ओल्या चादरी, पंखा इकडे. आधी आजोबांना शांत करायचं. बुलढाण्याला फोन लावा, अॅम्ब्युलन्स बोलवा." आणि मग, हात चालू ठेवूनच, "मुला, याला उतारा असा नसतो. एकाच नावाखाली दर खेपेला नवीन काही तरी विकतात. तुम्हाला वाटतं तुम्ही मजा करता. प्रयोग चालू असतो, आणि उंदीर तुम्ही असता."

त्याच वेळी करिष्माने कमरेला खोचलेला रुमाल सोडला. निघताना घाईत तिने दिवळीतला तो खडा त्यात बांधून घेतला होता. डॉक्टरांना दाखवायला. तिने तो टेबलावर ठेवला आणि ज्ञानूकडे पाहिले.

"हा माहा वाटा होता."

एवढेच म्हणाली.

पुंजाजीबाबा वाचले. बुलढाण्याला नेल्यावर त्यांचा जीव खाली-वर होत राहिला आणि मग हळूहळू ठिकाणावर आला. भगवानरावांच्या कढईतल्या काठ्या निघाल्या. सप्ताह पार पडला. पोलीस आले, ज्ञानूने जे होते ते सांगितले, आणि हळदीसाठी लपवून ठेवलेली दुसरी पुडी स्वतःच काढून दिली; जबाब घेऊन त्यांनी त्याला तूर्त घरी सोडले. मलकापूरहून अर्जुनराव आले. ते ओरडतील असे सगळ्यांना वाटले होते. ते गिरणीच्या दारात बसले आणि दोन्ही हातांनी डोके धरून राहिले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होते.

बाबा घरी आल्यावर ज्ञानू त्यांच्या ओट्यापाशी गेला. करिष्माने त्याला पाहिले आणि दार लावून घेतले. आतून बाबांचा क्षीण आवाज आला, "कोण हाय वं? ज्ञानू का? त्याले म्हणा, तुहा प्रसाद लय कडक निंगाला बे! मारुती नाई भेटला, यमाचा रेडा मातर पाहून आलो!" आणि खोकल्यात ते हसू बुडाले. दार उघडले नाही. ज्ञानू दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तेव्हाही उघडले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ओट्याबाहेरच्या रिकाम्या कळश्या भरून ठेवल्या आणि हाक न मारता परत आला.

गाव मात्र बोलत होते. "देवाच्या नावाले काळं फासलं पोट्ट्यानं," असे काही म्हणत, आणि त्यांचे चूक नव्हते. वंदनाबाई ऐकत आणि दळत. गात नव्हत्या. गल्लीला गिरणीची नुसती घरघर ऐकू येई, आणि ती कोणालाच गोड लागत नव्हती.

एका संध्याकाळी मायलेक पिठाच्या डब्यांमध्ये बसले होते. वंदनाबाईंनी विचारले.

"तुले बी असंच वाटे का रे? पयले?"

ज्ञानू चमकला. आईने शिव्या द्याव्यात, थोबाडावे, या सगळ्याची त्याने तयारी केली होती. या प्रश्नाची नाही.

"हाव," तो म्हणाला. "पयल्यांदा. सारे आपले वाटले. शहरात कोणी बोलत नाई आई, गावठी म्हणतात, 'मले-तुले' बोललो तं हसतात. त्या दिवशी सारे गळ्यात पडले माह्या. मंग तसं परत नाई झालं. परत तसं व्हावं म्हणून घेत गेलो. नंतर तं फक्त हे," त्याने आपल्या हलणाऱ्या गुडघ्याकडे बोट दाखवले, "हे थांबावं म्हणून घेत गेलो."

वंदनाबाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. पिठाकडे पाहिले.

"तुले एक सांगते, कोणाले सांगू नको. तुह्या बापाले बी नको. काल आरतीले उभी होती. टाळ हातात होता. अन् मनात आलं, त्या दिवशीवानी वाटावं. नाई वाटलं. पंचारती डोळ्यापुढं होती, पन आत काईच हाललं नाई. ज्ञानू, माहं चाळीस सालाचं होतं रे ते. थोडं थोडं जमवलेलं. एका चिमटीनं त्याची चव नेली. तू तं किती चिमट्या घेतल्या असतीन!"

ज्ञानूने आईच्या मांडीवर डोके टेकले आणि तो लहान मुलासारखा रडला. वंदनाबाईंनी त्याच्या केसांतून पिठाचा हात फिरवला. केस पांढरे झाले.

"येते का वं ते परत?" त्याने विचारले.

"मले माहीत नाई. मी रोज उभी राह्यते. येईन तवा येईन. तू बी उभा राय. पन आता तुले एकट्याले नाई जमत, मलेबी एकटीले नाई जमत. डाक्टरीणबाईनं बुलढाण्याचा पत्ता देल्ला हाय. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला, नशा सोडवणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर, एका लांब बाकावर ती दोघे बसली. बाकावर त्यांच्यासारखेच आणखी लोक. ज्ञानूपेक्षा लहान दिसणारा एक पोरगा आणि त्याचा गळालेला बाप. एक म्हातारी, कोणासाठी आली कोण जाणे. कोणी कोणाकडे बघत नव्हते. ज्ञानूचा गुडघा हलत होता. तो पुन्हा पुन्हा ओठ चाटत होता. एकदा उठून तो जिन्यापर्यंत गेला. वंदनाबाईंनी हाक मारली नाही. पदराचे टोक मुठीत आवळून त्या बसून राहिल्या. तो परत आला, बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला.

"आई, आत गेलो अन् नाई जमलं तं?"

"तं पुन्हा येऊ."

"अन् पुन्हा नाई जमलं तं?"

"मंग मोटार तं रोजच हाय धामणगावाहून. बसून येवाले काय जाते?"

आतून नाव पुकारले गेले. ज्ञानेश्वर अर्जुनराव. वंदनाबाई त्याच्याबरोबर उठल्या. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवले.

"तू बस. मीच सांगतो त्यायले. सारं."

दार लोटून तो आत गेला. वंदनाबाईंनी बाकावर त्याच्या जागी हात ठेवला. जागा अजून गरम होती. आतून आधी काहीच ऐकू आले नाही. मग एक अडखळता, ओळखीचा आवाज बोलू लागला.